नेटवर टीव्ही-रेडिओ लावताय? डेटा पुरवायची कामं या क्रमाने करा

कोकणात गावाकडे हल्ली दर दुसऱ्या घरात हेच ऐकायला मिळतं, "कालच रिचार्ज मारला आणि आज सिरीयल लागायच्या आत नेट नाय." मग लोक काय करतात तर वरचा छोटा डेटा पॅक मारतात, तोही संपला की मोठा प्लॅन घेतात, मग पोरांच्या हातातले फोन काढून घेतात, आणि ओटीवरचा टीव्ही मात्र दिवसभर तसाच चालू. डेटा कुठून जातोय हे बघायच्या आधीच उपाय सुरू होतात, म्हणून पैसे जातात आणि महिनाअखेरीला परत तेच. खाली दिलेली कामं दिलेल्याच क्रमाने करा, मधली पायरी उडवू नका, खास करून मोजायची.

१. तयारी: आधी हे सगळं हाताशी घ्या

एक वही आणि पेन, किंवा कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू चालेल. ज्या सिमवर किंवा कनेक्शनवर घर चालतं त्या कंपनीचं अ‍ॅप. टीव्हीचा आणि बॉक्सचा असे दोन्ही रिमोट, चालू सेलसकट. राउटर असेल तर त्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कारण आत शिरायचा पत्ता आणि पासवर्ड तिथेच छापलेला असतो आणि खाऱ्या दमट हवेत तो स्टिकर एकदोन पावसाळ्यांत वाचता येईनासा होतो.

आता खरी अडचण. बऱ्याच घरांत कनेक्शन मुंबईला असलेल्या मुलाच्या किंवा भावाच्या नंबरवर घेतलेलं असतं, म्हणजे अ‍ॅप उघडायला गेलं की ओटीपी जातो अंधेरीला नाहीतर डोंबिवलीला. तो लोकलमध्ये लटकलेला असताना तुम्ही इकडे ओटीपी मागत बसलात तर काम अर्धवट राहतं आणि मग ते परत होतच नाही. म्हणून आधी फोन करा, रविवारची वेळ ठरवा, एकदा लॉगिन झालं की गावच्या फोनवर ते अ‍ॅप तसंच चालू ठेवा, लॉगआउट करू नका.

वहीत घरातल्या नेटवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी करा. फोन आठवतात, टीव्ही आठवतो. राहून जातं ते म्हणजे टीव्हीच्या मागे अडकवलेली, नेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर आणणारी स्टिक, अंगणातला कॅमेरा, जुना फोन जो आता फक्त गाणी लावायला ठेवलाय, आणि शेजारच्या घरातला तो मुलगा ज्याला मागे कधीतरी पासवर्ड दिला होता.

२. आपलं नेट कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

इथेच निम्मा गोंधळ असतो. तीन प्रकार धरा.

पहिला, सिमचं नेट, म्हणजे फोनचा हॉटस्पॉट किंवा सिम टाकायचं छोटं डबडं. यात रोजचा कोटा असतो, १.५ जीबी, २ जीबी असा, तो संपला की नेट पूर्ण बंद होत नाही पण बऱ्याच प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजे अगदी रांगत) येतो, काहींत त्याहून खाली, आणि रात्री १२ ला नवीन कोटा सुरू. दुसरा, एअर फायबर, म्हणजे घरावर छोटा अँटेना आणि आत राउटर. याला बहुतेक महिन्याला १००० जीबीची मर्यादा असते. तिसरा, वायरने आलेलं फायबर. त्याच्या अनलिमिटेड प्लॅनलाही मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ३३०० जीबी, पण स्वस्तातल्या प्लॅनला ती बरीच कमी असू शकते म्हणून आपल्या प्लॅनचं पान उघडून वाचा, दुकानदाराच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

सावधान: "माझ्या प्लॅनमध्ये ५जी अनलिमिटेड आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. ती सूट फोन प्रत्यक्ष ५जीवर असतानाच. बाजारपेठेत ५जी पकडतं आणि डोंगराच्या आडच्या वाडीत फोन गुपचूप ४जीवर येतो, तेव्हापासूनचं सगळं रोजच्या कोट्यातून कापलं जातं. टीव्हीला हॉटस्पॉट देताना फोनच्या वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते बघायची सवय लावा.

३. मोजा, आणि मोजताना काही बदलू नका

चार-पाच दिवस नेहमीसारखं वापरा. रोज रात्री झोपायच्या आधी एकाच वेळेला कंपनीच्या अ‍ॅपमधला आकडा वहीत लिहा. त्यासोबत टीव्ही किती तास चालला, रेडिओ किंवा भजनं किती तास, हे अंदाजे लिहा. सिमवर घर चालत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराच्या पानावर हॉटस्पॉटचा आकडा वेगळा दिसतो, तो वेगळा लिहा, कारण तोच बहुतेक टीव्हीचा असतो.

आकड्यांचा अर्थ लावायला एक सोपा हिशेब पाठ करा. नेटवरून येणाऱ्या व्हिडिओच्या किंवा आवाजाच्या प्रवाहाचा वेग जितके एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, १ एमबीपीएस म्हणजे १००० केबीपीएस), त्याला ०.४५ ने गुणा, आले तासाचे जीबी. १ एमबीपीएसचं काहीही तासभर चाललं की ४५० एमबी गेले. ५ एमबीपीएसचं एचडी चाललं की सव्वादोन जीबी.

आवाजाचं गणित यापुढे अगदीच किरकोळ आहे. ६४ केबीपीएसचा रेडिओ तासाला जेमतेम २९ एमबी घेतो, १२८ चा ५८ एमबी. व्हिडिओचं मात्र बघा, नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की कमी क्वालिटीला तासाला ०.३ जीबी, मधल्याला ०.७, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत. म्हणजे २ जीबीचा रोजचा कोटा एचडीवर ४० मिनिटांत संपतो, मधल्या क्वालिटीवर पावणेतीन तास चालतो, आणि ६४ केबीपीएसच्या रेडिओवर पावणेतीन दिवस अखंड चालेल. हे नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

तपासून बघा: वहीतले तास गुणिले वरचे आकडे आणि अ‍ॅपचा आकडा साधारण जुळतोय का? जुळला तर पायरी ४ वर जा. अ‍ॅपचा आकडा खूपच जास्त येत असेल तर न बघता जाणारा डेटा आहे, तरीही आधी ४ आणि ५ पूर्ण करा मगच ६ वर या, कारण टीव्ही ताळ्यावर आणल्याशिवाय बाकीची गळती नीट दिसत नाही.

४. टीव्हीची क्वालिटी टीव्हीवरच बांधा

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी ही. लोक फोनमधल्या यूट्यूबची क्वालिटी कमी करतात आणि समजतात टीव्हीचीही झाली. तसं होत नाही. फोनवरून टीव्हीला कास्ट केलं, म्हणजे फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवला, तरी टीव्ही किंवा स्टिक व्हिडिओ थेट राउटरमधून ओढते, फोन फक्त रिमोटचं काम करतो, त्यामुळे फोनमधलं सेटिंग तिथे लागू पडत नाही. सेटिंग जिथून डेटा ओढला जातो तिथेच करायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'ऑटो'. ऑटो क्वालिटी तुमचा कोटा बघत नाही, स्पीड बघते. नेट जितकं जोरात तितकं चित्र भारी आणि तितका डेटा जास्त. सकाळी टॉवर मोकळा असतो, स्पीड चांगला मिळतो, म्हणून तीच तासाभराची सिरीयल सकाळी बघितली तर संध्याकाळपेक्षा जास्त डेटा खाऊ शकते. मर्यादित नेटवर 'ऑटो' कुठेही ठेवू नका.

क्रम असा ठेवा. आधी टीव्हीवरचं यूट्यूब, व्हिडिओ चालू असताना गिअरचं चिन्ह, त्यात क्वालिटी, आणि ४८०पी निवडा (ही मधली क्वालिटी, आकडा जितका मोठा तितकं चित्र स्वच्छ आणि डेटा जास्त). ३२ इंची टीव्ही ओटीवरच्या बाकड्यावरून बघताना ४८०पी आणि १०८०पी मधला फरक सिरीयलला फारसा जाणवत नाही, बातम्यांना तर नाहीच. पुढचा व्हिडिओ लागला की क्वालिटी परत ऑटोवर गेली का ते एकदा बघा, काही टीव्हींवर ती जाते. मग नेटफ्लिक्स असेल तर ते, पण याचं सेटिंग टीव्हीवर शोधत बसू नका, ते फोनच्या ब्राउझरमधून अकाउंट उघडून, प्रोफाइल निवडून, प्लेबॅक सेटिंगमध्ये होतं, आणि प्रत्येक प्रोफाइलचं वेगळं करावं लागतं. आजीचं प्रोफाइल केलं आणि नातवाचं राहिलं तर उपयोग शून्य. बदल लागू व्हायला काही तास लागू शकतात, लगेच फरक दिसला नाही म्हणून परत परत बदलू नका. फायर टीव्ही स्टिक असेल तर सेटिंगमध्ये प्रेफरन्सेसच्या आत डेटा मॉनिटरिंग म्हणून आहे, तिथे सगळ्यात खालची क्वालिटी आणि महिन्याचा इशारा दोन्ही लावता येतात. बाकीच्या अ‍ॅपमध्ये चालू व्हिडिओच्या गिअरमध्ये डेटा सेव्हर किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो घ्या.

क्वालिटीनंतर ऑटोप्ले. एक भाग संपला की दुसरा आपोआप लागतो, माणूस मागच्या दारी भांडी घासायला गेलेला असतो आणि टीव्ही रिकाम्या ओटीला सिरीयल दाखवत बसतो. प्रत्येक अ‍ॅपमध्ये आणि प्रत्येक प्रोफाइलमध्ये ऑटोप्ले बंद करा, होम स्क्रीनवर आपोआप चालणाऱ्या झलकाही बंद करा.

सावधान: टीव्हीचं बटण बंद केलं म्हणजे स्टिक थांबली असं समजू नका. स्टिकला वेगळ्या अडॅप्टरने लाइट असेल तर पडदा काळा आणि आत व्हिडिओ चालूच, असं बऱ्याचदा होतं. आधी स्टिकच्या रिमोटवर होमचं बटण दाबा, व्हिडिओ बंद झाला हे डोळ्यांनी बघा, मग टीव्ही बंद. घरातल्या मोठ्यांना हे एकदा हातात रिमोट देऊन दाखवा, नुसतं तोंडाने सांगून लक्षात राहत नाही.

क्रिकेटबद्दल वेगळं सांगतो. लाइव्ह मॅच एका घरात चार फोनवर चार जण बघत असतील तर चौपट डेटा जातो, मॅच एकच असली तरी. ट्वेंटी-ट्वेंटीचा सामना साडेतीन-चार तासांचा, एचडीवर एका फोनचेच दहा-बारा जीबी होऊ शकतात. सगळ्यांनी मिळून एका टीव्हीवर, मधल्या क्वालिटीवर बघा, अडीच-तीन जीबीत काम होतं.

तपासून बघा: बदल केल्यावर एक तास एकच कार्यक्रम लावा, बाकीच्यांचे फोन तेवढ्यापुरते नेटवरून काढा, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा. तासाला १ जीबीच्या खाली आला पाहिजे. आला नाही तर कुठेतरी ऑटो राहिलंय.

५. ऐकायचं असेल तर आवाजच मागवा

कोकणात सकाळ ऐकण्याचीच असते. चुलीवर पाणी, अंगणात झाडलोट, आणि मागे अभंग नाहीतर भूपाळ्या. पूर्वी त्याला ट्रान्झिस्टर होता, आता टीव्हीवर यूट्यूब लावतात, पडद्यावर विठ्ठलाचा एकच फोटो तीन तास स्थिर, आणि त्या फोटोखाली एचडी व्हिडिओ वाहतोय. स्थिर चित्राला हलत्या चित्राइतका डेटा लागत नाही हे खरं, तरी नुसत्या आवाजापेक्षा तो कितीतरी जास्त जातो, आणि मधे जाहिराती येतात त्या पूर्ण हलत्या व्हिडिओच्या. बघायचं कोणी नाहीच तर व्हिडिओ कशाला मागवायचा?

पहिला पर्याय, ज्याला डेटाच लागत नाही तो. साधा रेडिओ संच. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र तुमच्या गावात पकडत असेल तर सकाळच्या बातम्या, भक्तिगीतं, हवामान यासाठी नेट वापरायचं काही कारण नाही. पावसाळ्यात टॉवर गेला, लाइट गेली तरी सेलवर तो चालतो, होड्या असलेल्या घरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. काही फोनमध्येही एफएम असतं, इअरफोनची वायर अँटेना म्हणून लावावी लागते, त्याला नेट लागत नाही.

दुसरा पर्याय, नेटवरचा रेडिओ. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर देशभरातली बरीच केंद्रं ऐकता येतात, प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं त्यातही रेडिओ आहे. कुठल्याही रेडिओ अ‍ॅपमध्ये एकाच केंद्राचे दोन-तीन प्रवाह दिसत असतील तर कमी केबीपीएसचा निवडा. बोलणं, बातम्या, कीर्तन याला ३२ किंवा ४८ पुरतं, गाण्यांना ६४ ठीक. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ३२० ची क्वालिटी असते, ती तासाला १४४ एमबी घेते, फोनच्या स्पीकरवर ऐकताना ती घेऊन काही मिळत नाही.

याचा एक फायदा फार कोणी लक्षात घेत नाही. कोटा संपून स्पीड ६४ केबीपीएसवर आला तरी ३२ चा रेडिओ बहुतेक वेळा चालतो, थोडा थांबून सुरू होईल पण चालतो. त्यामुळे "नेट संपलं" म्हणून रात्रीच्या बातम्या चुकवायची गरज नसते. ६४ चा प्रवाह मात्र त्या वेळी अडखळणार, म्हणून कमी केबीपीएसवालं केंद्र आधीच आवडत्यात घालून ठेवा.

तिसरा पर्याय, जे रोज तेच ऐकता ते एकदाच उतरवून घ्या. हरिपाठ, अथर्वशीर्ष, आरत्या रोज बदलत नाहीत. ज्या अ‍ॅपमध्ये अधिकृतपणे डाउनलोड करता येतं तिथे एकदा करा आणि जुन्या फोनवर ठेवून द्या, मग त्या फोनचं नेट बंद ठेवलं तरी चालतं.

६. न बघता जाणारा डेटा

टीव्ही आणि रेडिओ झाल्यावरच इथे या.

हॉटस्पॉटची मोठी फसगत ही की दुसऱ्या फोनला किंवा टीव्हीला ते 'वायफाय' वाटतं. आणि सगळ्या अ‍ॅपमध्ये वायफायवर मोकळं रान दिलेलं असतं, अपडेट वायफायवर, फोटोंचा बॅकअप वायफायवर, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ वायफायवर आपोआप उतरणार. तुमचा २ जीबीचा कोटा आणि त्या फोनला वाटतंय फुकटचं नेट. यावर उपाय, अँड्रॉइड फोनमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन ते 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं नेट, म्हणून ठरवा, आयफोनवर त्याच ठिकाणी लो डेटा मोड चालू करा, विंडोजच्या लॅपटॉपवर मीटर्ड कनेक्शन. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया ऑटो डाउनलोड वायफायसाठीही पूर्ण बंद. काही फोनच्या हॉटस्पॉटमध्ये मर्यादा लावायची सोय असते, १ जीबी झाला की हॉटस्पॉट आपोआप बंद, असेल तर लावाच.

फायबर असलेल्या घरांत उलटं होतं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, राउटर ओटीवर, माणूस मागच्या पडवीत. वायफाय मंदावलं की फोन स्वतःहून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि सिमचा कोटा जातो, घरात फायबर असून. फोनमध्ये वायफाय कमजोर असताना मोबाइल डेटावर जाण्याचं सेटिंग असतं, आयफोनवर त्याचं नाव वायफाय असिस्ट, ते बंद करा. जमलं तर राउटर माजघराच्या दाराशी आणा, म्हणजे दोन्हीकडे दाराच्या फटीतून तरी पोचेल.

लाइट गेली की हेच होतं, राउटर बंद आणि सगळे फोन सिमवर. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, पण आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढ्याचाच घ्या.

अंगणातला कॅमेराही हिशेबात धरा. मुंबईहून कोणी तो लाइव्ह उघडून ठेवला तर डेटा गावच्या नेटचा जातो, अपलोडही मोजलं जातं. १ एमबीपीएसने दिवसभर चालला तर २४ तासांत जवळजवळ ११ जीबी. हालचाल झाली तरच पाठव असं सेटिंग करा.

७. तरीही जास्त जात असेल तर राउटरवरून लगाम

राउटरच्या आत शिरून जोडलेल्या वस्तूंची यादी बघा, वहीतल्या यादीशी ताडून बघा. अनोळखी काही दिसलं की पासवर्ड बदला आणि घरातल्या वस्तू एकेक करून परत जोडा. तुमच्या राउटरमध्ये वस्तूगणिक स्पीड ठरवायची सोय असेल तर टीव्हीला १.५ ते २ एमबीपीएस द्या. मग अ‍ॅपमध्ये कोणी ऑटो केलं तरी चित्र आपोआप मधल्या क्वालिटीवरच राहतं, तासाला ९०० एमबीच्या वर जाऊच शकत नाही. ज्या घरात रिमोट पोरांच्या हातात असतो तिथे मला हा सगळ्यात भरवशाचा उपाय वाटतो.

८. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची तयारी

चाकरमानी यायच्या आठवडाभर आधी हे करा, आल्यावर नाही. घरात चार माणसं असतात त्याची पंधरा होतात आणि प्रत्येकाचा फोन शहरातल्या मोकळ्या वायफायच्या सवयीचा, आल्या आल्या दिवसभराच्या फोटोंचा बॅकअप सुरू. राउटरमध्ये गेस्ट वायफाय असेल तर ते वेगळ्या नावाने चालू करा, त्याचाच पासवर्ड द्या, स्पीड बांधता येत असेल तर बांधा. एअर फायबरवाल्यांनी हिशेब असा करा की १००० जीबी म्हणजे दिवसाला ३३, ४के वर पाच तास टीव्ही चालला की तेवढ्यातच ३५ गेले, पाहुण्यांचे फोन अजून बाकी.

आणि ज्या घरात मुख्य बघणं म्हणजे बातम्या, सह्याद्री आणि जुने सिनेमे, तिथे डीडी फ्री डिशची छत्री लावा. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही, डेटा शून्य. मुसळधार पावसात चित्र तेवढ्यापुरतं जातं, ढग हलले की परत येतं, तेवढा वेळ रेडिओ आहेच. छत्री घट्ट बसवून घ्या आणि समोर माडाची झावळी येत नाही ना ते भर वाऱ्यात बघा, शांत हवेत सगळं ठीकच दिसतं.

सगळं झाल्यावर परत चार-पाच दिवस त्याच वहीत त्याच वेळेला आकडा लिहा. एवढं करूनही कंपनीच्या अ‍ॅपचा आकडा तुमच्या हिशेबाच्या दुपटीच्या वर येत असेल तर एक रात्र राउटर किंवा हॉटस्पॉट पूर्ण बंद ठेवा, आधीचा आणि सकाळचा आकडा स्क्रीनशॉटसकट ठेवा. बंद असतानाही आकडा वाढला तर ते घेऊन कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून घ्या.